पडणाऱ्या खोक्याचा हिशेब

भरलेली ट्रॉली ढकलताना वरचं खोकं पायावर पडलं, की अपघाताच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ठरलेले शब्द येतात: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. कधी ‘लक्ष नव्हतं’, कधी ‘घाई केली’. फॉर्म फाइलला लागतो, सगळ्यांना जपून काम करायला सांगितलं जातं, आणि तीच ट्रॉली त्याच दारातून तेवढ्याच उंच थप्पीसकट पुन्हा ये-जा करू लागते. माझं म्हणणं असं, की या दुखापतींचं मूळ हँडल धरणाऱ्या हातांत शोधणं चुकीचं आहे. चाक केवढं, दारातली पट्टी किती उंच, थप्पी कुठवर रचायची, बांधायला पट्टा आहे की नाही आणि एका शिफ्टमध्ये किती माल हलवायचा, या पाच गोष्टी कोणीतरी आधीच ठरवलेल्या असतात. ढकलणारा येतो तो सगळं ठरल्यावर.

कागद-पेन्सिल घेऊन हे दाखवता येतं.

एक साधी ट्रॉली घ्या. १०० मिलिमीटर व्यासाची चार चाकं, वर सपाट फळी, फळीवर खोक्यांची थप्पी. माणूस सेकंदाला १ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटरने चालतो आहे. ही अगदी सावकाश चाल झाली. दारात २० मिलिमीटर उंचीची पट्टी आहे. पुढची चाकं पट्टीला टेकतात आणि तिथेच अडतात. चाकाचं रबर जरा दबतं, सांगाडा जरा वाकतो आणि साधारण दोन सेंटिमीटरांत गाडी जागेवर थांबते. एवढ्याशा अंतरात हा वेग शून्यावर यायचा, तर मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपट होतं. मोटारीने कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी ते गुरुत्वाकर्षणाच्या एकपटीच्या आसपासच राहतं. म्हणजे सावकाश ढकललेल्या ट्रॉलीवरच्या मालाला दाराच्या पट्टीवर जो गचका बसतो, तो गाडीतल्या माणसाला ब्रेक लागल्यावर बसणाऱ्या गचक्यापेक्षा जोरदार असतो. फरक एवढाच, की तो क्षणभराचा असतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

गाडी थांबली, पण वरचं खोकं अजून पुढे निघालेलंच आहे. खालच्या खोक्याशी होणारं घर्षण सोडलं तर त्याला अडवणारं काही नाही. पुठ्ठ्यावर पुठ्ठा असेल तर घर्षणांक साधारण ०.४ धरता येतो. सेकंदाला १ मीटर वेगाने निघालेलं खोकं तेवढ्या घर्षणावर सुमारे १३ सेंटिमीटर घसरून थांबतं. खोक्याची खोली ४० सेंटिमीटर असेल आणि ते थप्पीच्या पुढच्या कडेला असेल, तर १३ सेंटिमीटर बाहेर येऊनही त्याचा निम्म्याहून जास्त भाग आधारावर राहतो. खोकं लोंबतं, पण पडत नाही. आता तोच माणूस जरा घाईत आहे असं धरा, सेकंदाला दीड मीटर. वेग दीडपट झाला, पण घसरण वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १३ सेंटिमीटरांचे २९ होतात. निम्म्याहून जास्त खोकं हवेत जातं आणि खाली येतं. एकमेकांत न बसणारे गुळगुळीत प्लास्टिकचे क्रेट असतील, घर्षणांक ०.२ असेल, तर सावकाश चालणाऱ्याच्या गाडीवरही क्रेट २५ सेंटिमीटर सरकतो. तो पडणारच. त्या माणसाने कसलाही निष्काळजीपणा केलेला नसतो.

घाईबद्दलही याच पट्टीपाशी उभं राहून बोलायला हवं. पुढच्या दोन चाकांवर मिळून १०० किलो भार आहे, असं समजा. १०० मिलिमीटरच्या चाकाला २० मिलिमीटरची पट्टी उभ्या जागेवरून चढवायची, तर आडवा जोर लागतो १३३ किलोचा. हा जोर एका माणसाने लावणं शक्य नाही. मग तो काय करतो? गाडी दोन पावलं मागे घेतो आणि वेगाने आणून पट्टीवर घालतो. बघणाऱ्याला तो बेदरकार वाटतो. खरं तर त्या चाकाने ती पट्टी ओलांडायचा तेवढा एकच मार्ग त्याच्यापुढे ठेवलेला असतो. चाक २०० मिलिमीटरचं केलं तर लागणारा जोर ७५ किलोवर येतो. निम्म्याच्या जवळ आला, तरी एकट्याच्या आवाक्याबाहेरच. पण पट्टीच्या दोन्ही बाजूंना उतरता ठोकळा बसवला, एकास बारा उताराचा, तर त्याची लांबी होते अवघी २४ सेंटिमीटर. त्यावरून गाडीचा एक आस चढवायला, चाकांचा स्वतःचा अडसर धरूनही, १२ किलोच्या आसपास जोर पुरतो. धावत यायची गरजच उरत नाही. ॲल्युमिनियमचा किंवा कडक रबराचा २४ सेंटिमीटरचा ठोकळा, चार स्क्रू आणि अर्धा तास. ज्या दारातून दिवसभर माल जातो त्या दारात हे नसेल, तर तिथे ‘सावकाश चला’ची पाटी लावण्याला काही अर्थ नाही.

लिफ्टच्या दारात आणखी एक अडचण असते. मजल्याचा काठ आणि लिफ्टच्या डब्याचा काठ यांत तीन-साडेतीन सेंटिमीटरांपर्यंत फट असू शकते, आणि लिफ्ट काही वेळा मजल्याशी बरोबर जुळत नाही, पाच-दहा मिलिमीटर खालीवर थांबते. ट्रॉलीची फिरती चाकं तीन सेंटिमीटर रुंद असली आणि त्या फटीवर नेमकी आडवी फिरली, तर चाक आत रुततं. मग मागून जोर लावला जातो, गाडी एका कोपऱ्यावर खचते आणि थप्पी त्या कोपऱ्याकडे झुकते. इथे मोठ्या व्यासाची आणि रुंद चाकं लागतात, आणि लिफ्ट मजल्याशी नीट जुळेल असं तिचं समायोजन लागतं. दोन्ही कामं कामगाराच्या हातातली नाहीत.

पडलेलं खोकं किती इजा करतं, हाही हिशेबाचाच भाग. १.८ मीटर उंचीवरून निघालेली वस्तू ०.६ सेकंदात जमिनीवर येते, आणि तोवर तिचा वेग ताशी २१ किलोमीटर झालेला असतो. समोर काय होतंय हे कळून, ठरवून, पाय उचलायला ०.६ सेकंद पुरत नाहीत, विशेषतः दोन्ही हात हँडलवर असताना आणि थप्पीपलीकडचं दिसत नसताना. डोक्याच्या वर अर्धा मीटर उंचीवरून निघालेलं खोकं डोक्यावर यायला जेमतेम ०.३२ सेकंद घेतं. मान वर करेपर्यंत ते आलेलं असतं.

‘बूट दिले आहेत की’ हे उत्तर नेहमी मिळतं. बूट हवेतच, पण त्यांची मर्यादा आकड्यात सांगितली पाहिजे. आयएसओ २०३४५ या मानकाप्रमाणे सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीची चाचणी २०० जूल ऊर्जेच्या आघाताने होते. २० किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पडलं तर एवढी ऊर्जा होते. १२ किलोचं खोकं १.८ मीटरवरून पडलं तर होते २१२ जूल. म्हणजे खांद्याच्या वर रचलेल्या थरातलं बेताच्या वजनाचं खोकंही बुटाच्या चाचणीच्या पलीकडे जातं. शिवाय टोपी फक्त बोटांवर असते. पावलाच्या वरच्या भागावर, जिथे लांब बारीक हाडं असतात, तिथे साध्या सुरक्षा बुटात चामड्याशिवाय काही नसतं. नडगी तर पूर्ण उघडी. हेल्मेटचंही तसंच. ईएन ३९७ या मानकात ५ किलोचा गोळा १ मीटरवरून सोडून चाचणी घेतात, म्हणजे सुमारे ४९ जूल. तेच १२ किलोचं खोकं डोक्याच्या वर ४५ सेंटिमीटरवरून सुटलं तर ५३ जूल होतात. छोटी हत्यारं, नटबोल्ट, विटेचा तुकडा यांच्यासाठी हेल्मेट चांगलं. भरल्या खोक्यांच्या थप्पीपासून ते वाचवेल या भरवशावर थप्पी उंच करणं धोक्याचं आहे. बूट आणि हेल्मेट ही शेवटची फळी आहे. ती पहिली समजली गेली, की बाकीच्या उपायांवरचं लक्षच उडतं.

थप्पीची उंची हा म्हणूनच सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टाळला जाणारा उपाय आहे. उंची कमी केली की तीन गोष्टी एकदम सुधारतात: पडायचं अंतर घटतं, समोरचं दिसतं आणि गाडी कलंडायची शक्यता कमी होते. शेवटच्या मुद्द्याचं गणित साधं आहे. चाकांमधलं अंतर ५० सेंटिमीटर आणि गाडी-मालाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर असेल, तर गाडी बाजूला १४ अंश कलली की उलटते. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणला तर तीच गाडी साडेबावीस अंशांपर्यंत टिकते. एक चाक ५ सेंटिमीटर खोल खाचेत गेलं तर गाडी लगेच जवळपास सहा अंश कलते, वर माल हेलकावतो आणि माणूस सावरायला एका बाजूने ढकलतो. १४ अंश मग फार लांब राहत नाहीत. त्यात फिरती चाकं आतल्या बाजूला वळलेली असतील, तर गाडीचा आधार ५० सेंटिमीटरांचाही उरत नाही, काही सेंटिमीटरांनी कमी होतो. दिशा बदलताना, मागे घेताना गाडी अचानक एका बाजूला झोका खाते ती याच वळणाऱ्या चाकांमुळे. अर्धवट भरलेले द्रवाचे कॅन असतील तर आतला द्रव हेलकावून गुरुत्वमध्यच जागा बदलतो. म्हणून कॅन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे न्यावेत आणि सगळ्यांत खालच्या थरात ठेवावेत.

उंची किती असावी, याला माझं उत्तर ठाम आहे. त्या जागी काम करणाऱ्यांपैकी सगळ्यांत बुटक्या माणसाच्या खांद्याइतकी, त्याहून वर नाही. ट्रॉलीच्या उभ्या नळीवर रंगाची रेष मारावी. ‘योग्य उंचीपर्यंत माल भरा’ या वाक्यावर वाद होऊ शकतो, रेषेवर होत नाही.

खोकी रचायची कशी, यात दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ रचली तर खालची खोकी चेपत नाहीत, पण थप्पीचे खांब एकमेकांपासून सुटे राहतात. विटांसारखी सांधे मोडून रचली तर थप्पी एकसंध राहते, पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मधल्या भागावर येतो आणि खालचा थर हळूहळू बसतो. दमट हवेत पुठ्ठा आणखी मऊ पडतो. खालचा थर एका बाजूने बसला की वरची थप्पी त्या बाजूला झुकते, आणि माल चढवताना सरळ दिसलेली थप्पी शंभर मीटरवर जाईपर्यंत तिरपी झालेली असते. ट्रॉलीसाठी व्यवहारात चालणारी पद्धत अशी: खालचे थर कोपऱ्यावर कोपरा, सगळ्यांत वरचा थर सांधे मोडून, आणि त्यावरून पट्टा. जड माल खाली. उंच आणि अरुंद खोकं कधीही उभं ठेवायचं नाही, कारण ते घसरायच्या आधी कलंडतं.

प्लास्टिकची फिल्म गुंडाळली म्हणजे झालं, असा एक समज आहे. फिल्म फक्त खोक्यांभोवती गुंडाळली असेल तर सगळी थप्पी एकत्र सरकते, एवढाच फरक पडतो. फिल्मचे पहिले तीन-चार वेढे फळीच्या किंवा पॅलेटच्या कडेला धरून घ्यावे लागतात, म्हणजे माल गाडीशी बांधला जातो. वरचे वेढे शेवटच्या थराच्या माथ्यावरून थोडे आत वळवावे लागतात. पट्टा वापरला तर रॅचेट, म्हणजे पट्टा आवळणारी दातेरी कळ, अति ताणू नये, पुठ्ठ्याचे कोपरे चेपतात आणि चेपल्यावर पट्टा सैल पडतो. कोपऱ्यावर पुठ्ठ्याची जाड कोनपट्टी लावली की दोन्ही टळतं. फळीच्या पुढे उभी कड असेल तर ती फक्त खालच्या थराला अडवते. वरून पडणाऱ्याला अडवायला जाळीच्या बाजू लागतात. तीन बाजूंनी जाळी आणि चौथ्या बाजूला पट्टा असलेली गाडी हा मला या सगळ्यातला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो, कारण तो कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही. तिचाही एक सापळा आहे. प्रवासात आतला माल दारावर येऊन टेकलेला असतो आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. दार उघडताना त्याच्या समोर उभं राहायचं नाही, बिजागरीच्या बाजूला राहून आधी चार बोटं फट करून आत बघायचं.

काच, प्लायवूड, जिप्सम बोर्ड यांसारखे तक्ते उभे नेणाऱ्या गाड्यांबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण इथे पाय मोडण्यावर भागत नाही, माणूस दबून मरतो. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो असतं. ६ मिलिमीटर जाडीची, २ मीटर लांब आणि दीड मीटर उंच काच ४५ किलोची होते, अशा दहा काचा साडेचारशे किलोच्या. १२.५ मिलिमीटरचा साधारण १.२ बाय २.४ मीटरचा जिप्सम बोर्ड पंचवीस किलोच्या आसपास असतो. हे तक्ते गाडीच्या तिरक्या पाठीला टेकलेले असतात. पाठीचा कल पाच-सहा अंश आणि जमिनीचा उतार उलट दिशेला तीन अंश असेल, तर टेकण्यातली निम्मी सुरक्षितता जमिनीनेच खाल्लेली असते. आणि मग मागचा एखादा तक्ता हवा असतो. माणूस पुढचे तक्ते पुस्तकाची पानं उलटावीत तसे एकेक करून आपल्याकडे झुकवतो आणि छातीवर तोलून धरतो.

त्या क्षणी काय होतं ते नीट बघा. दहा बोर्ड, २५० किलो, लांब कडेवर उभे. ते माणसाकडे १० अंश झुकलेले असताना वरची कड धरून ठेवायला २२ किलोचा जोर लागतो. हे जमतं, म्हणूनच धोका कळत नाही. कल २० अंश झाला की ४५ किलो लागतात. ३० अंशांवर ७२. पाय किंचित सरकला, की एक-दोन अंश वाढतात. कल वाढला की भार वाढतो, भार वाढला की पाय आणखी सरकतो. यातून मागे यायची वाट नाही. माणूस सोडत नाही, कारण माल फुटेल ही भीती असते आणि आतापर्यंत तो पेललेला असतो. मागे भिंत असेल तर जायला जागाही नसते.

म्हणून इथला नियम अगदी लहान ठेवावा लागतो: तक्ते फक्त बाहेरून आत, एकेक करून काढायचे. मागचा हवा असेल तर पुढचे आधी दुसऱ्या घोडीवर उतरवायचे. पट्टा फक्त गाडी निघताना नव्हे, ती उभी असतानाही लावलेला असलाच पाहिजे. आणि पडायला लागलं तर सोडून बाजूला व्हायचं, मागे नव्हे, बाजूला. हा शेवटचा नियम पाळला जायचा असेल, तर फुटलेल्या मालाची भरपाई कोणाच्याही पगारातून होणार नाही हे मालकाने आधी स्पष्ट सांगितलेलं असायला हवं. ज्या जागी फुटलेल्या काचेचे पैसे कापले जातात, तिथे माणसं काच धरायला जाणार. ती पगारासाठी छाती पुढे करतात आणि नंतर फॉर्मवर त्याला ‘चुकीची पद्धत’ म्हटलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो.

चाकांच्या खरेदीतही अशीच एक जुनी चूक असते. गाडी आणि माल मिळून ४५० किलो, चाकं चार, म्हणून प्रत्येकी ११२ किलोचं चाक घेतलं जातं. पण जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, आणि असमान जमिनीवर कडक सांगाड्याची गाडी बहुतेक वेळ तीन चाकांवर उभी असते. भागाकार तीनने करायचा: प्रत्येक चाक १५० किलोचं. कमी ताकदीच्या चाकाचं रबर एका बाजूला सपाट पडतं, बेअरिंग खडखडतं, फिरत्या चाकाचा वरचा खिळा ढिला होतो आणि चाक थरथरायला लागतं. ती थरथर थप्पीतल्या प्रत्येक खोक्याला थोडं थोडं बाहेर ढकलते. घर्षण ज्या भरवशावर धरलं, तो भरवसाच थरथरीने कमी होतो. आसाभोवती गुंडाळलेली फिल्म, सुतळी, चिकटपट्टी हे तर कायमचं दुखणं. आठवड्यातून एकदा गाडी आडवी करून चारही चाकं हाताने फिरवून बघायला पाच मिनिटं लागतात. चाक मोकळं फिरतं का, अडतं का, खिळा हलतो का, बोल्ट घट्ट आहेत का. जी गाडी यात नापास होईल तिला लाल पट्टी लावून कुलपात ठेवायची. कोपऱ्यात उभी केली तर गर्दीच्या वेळी ती पुन्हा बाहेर निघते.

ढकलायचं की ओढायचं, यावर एक वाक्य पुरेल: ढकलायचं, कारण ओढताना गाडी टाचेवर येते आणि थप्पी पाठीमागे राहते. उतारावर मात्र माणसाने नेहमी गाडीच्या वरच्या बाजूला राहायचं, चढवताना दोघं हवेत, आणि ३०० किलोची गाडी एकास बाराच्या उतारावर नुसती धरून ठेवायला २५ किलोचा जोर लागतो हे लक्षात ठेवून ब्रेक असलेलीच गाडी तिथे पाठवायची.

आता समोरून येणारा आक्षेप, आणि तो खोटा नाही. कामगार स्वतःच गाडी वाजवीपेक्षा जास्त भरतात, पट्टा असून लावत नाहीत, रेष असली तरी ओलांडतात. हे घडतं. पण का घडतं, ते खेपांच्या हिशेबात दिसतं. साठ खोकी न्यायची आहेत. वीस-वीस नेली तर तीन खेपा, बारा-बारा नेली तर पाच. एक खेप सहा मिनिटांची असेल तर फरक बारा मिनिटांचा. हे काम तीन खेपांच्या वेळात बसवलेलं असेल, तर बाराची मर्यादा कागदावर लिहून काही होत नाही. माणसाला दोन हुकूम मिळालेले असतात, एक भिंतीवरचा आणि एक घड्याळातला. घड्याळातला मोडला तर त्याच दिवशी बोलणी बसतात, भिंतीवरचा मोडला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. अशा वेळी माणूस कोणता पाळेल, हे सांगायला सुरक्षा अधिकारी लागत नाही. बारा खोक्यांची मर्यादा घालणाऱ्याने त्याच कागदावर पाच खेपांचा वेळ लिहून द्यायला हवा. तो लिहिला नसेल तर मर्यादा घातलीच नाही असं मी धरतो.

पट्ट्याचंही तेच. पट्टा भांडारात असेल, त्यासाठी चाळीस मीटर जायचं, सही करायची, परत आणून द्यायचा, तर तो लावला जाणार नाही. तोच पट्टा गुंडाळणाऱ्या रिळासकट गाडीलाच बसवलेला असेल, ओढून अडकवायला पंधरा-वीस सेकंद लागत असतील, तर लावला जातो. सवयी बदलायच्या असतील तर आधी पट्ट्याची जागा बदलावी लागते.

खर्चाचा आक्षेप राहतो. कायद्याच्या भाषेत याचं उत्तर जुनं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मधलं कलम २१ सांगतं, की सुरक्षेच्या उपायांसाठी कामगाराला कोणताही खर्च करावा लागू नये. त्याच करारातलं कलम १३ म्हणतं, की आपल्या जिवाला किंवा आरोग्याला गंभीर आणि लगेचचा धोका आहे असं सयुक्तिक कारणाने वाटून जो काम सोडून बाजूला झाला, त्याला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. जून २०२२ मध्ये संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांत आणि हक्कांत सामील केला. ट्रॉलीच्या बाबतीत कलम १३ चा अर्थ फार साधा होतो: थप्पी रेषेच्या वर आहे, चाक अडतं आहे, मी ही गाडी नेत नाही, असं म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून परत पाठवता येणार नाही. हा हक्क वापरता येत नसेल तर बाकीची सगळी नियमावली ढकलणाऱ्याच्या विरोधात पुरावा म्हणूनच वापरली जाते.

फॉर्म बदलायला मात्र कोणत्याही कराराची वाट बघावी लागत नाही. पडलेल्या प्रत्येक खोक्याची नोंद व्हावी, कोणाला लागलं असो वा नसो. कुठे पडलं, त्या जागी पट्टी, फट किंवा उतार किती मिलिमीटरांचा, चाकाचा व्यास किती, थप्पीची उंची किती, पट्टा होता का, त्या तासात किती खेपा अपेक्षित होत्या. हे सहा रकाने भरल्यावरच ‘ढकलणाऱ्याने काय केलं’ हा रकाना यावा. वर मोजमाप लिहिलेलं असताना खाली ‘निष्काळजीपणा’ लिहायला हात आपोआप थांबतो. एकाच दारात तीन नोंदी झाल्या, तर पुढची चौकशी त्या दाराची व्हायला हवी.

अपघात व्हायची वाट न बघताही हे सुरू करता येतं. एक ट्रॉली घ्या, तिच्यावर कोणाच्या अंगावर पडलं तरी लागणार नाही अशी चार रिकामी खोकी एकावर एक ठेवा, बांधू नका. माल ज्या वाटेने जातो त्या संपूर्ण वाटेने ती रोजच्या चालीने न्या, लिफ्टमध्ये, उतारावर, वळणावर. ती सुपरवायझरने न्यावी, आणि ज्याने चाकं विकत घेतली त्याने सोबत चालावं. वरचं खोकं जिथे जिथे सरकेल तिथे खडूने फुली मारायची आणि शेजारी मिलिमीटर लिहायचे. रिकामी खोकी कमी दाबाने बसतात, थरथरीने लवकर सरकतात, म्हणून या फेरीत थोड्या जास्त फुल्या पडतील. पडू द्या. संध्याकाळी त्या मोजायच्या, तारखा टाकायच्या, आणि प्रत्येक फुली तिथली पट्टी उतरती झाल्यावर, फट बुजल्यावर किंवा चाक बदलल्यावरच पुसायची.